उजनीच्या तळाशी झाडोरा घालण्यापूर्वी

पाण्याची मोजदाद उण्या टक्क्यांत करण्याचा प्रसंग ज्या थोड्या जलाशयांवर वारंवार ओढवतो, त्यांत भीमेवरील उजनीचे नाव अग्रभागी घालावे लागेल. १९८० साली पूर्णत्वास गेलेल्या आणि यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असली, तरी तिच्यातील जवळजवळ ६४ टीएमसी हा मृत साठा होय. आणि कालव्यांनी, नळयोजनांनी व दोन्ही काठांच्या उसाने ज्याच्या भरवशावर वर्ष काढावयाचे, तो उपयुक्त साठा अवघा साडेत्रेपन्न टीएमसी आहे. जलाशय शंभर टक्के भरला म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरांवर असते, शून्य टक्क्याला ती ४९१.०३ मीटरांवर येते, आणि पाऊस रुसलेल्या वर्षी शून्याचीही मर्यादा ओलांडून पाणी मृत साठ्यात उतरते, जसे ते २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. या साऱ्या अंकगणितात माशांसाठी रकाना नाही. पाणी किती उरले, कोणत्या तालुक्याच्या वाट्याला किती आले आणि कोणाच्या वाट्याचे कोणी पळवले, यावर सोलापूर व पुणे जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात जेवढी शाई खर्च होते, तिचा शतांशही त्या पाण्यात राहणाऱ्या आणि त्यावर शेकडो भोई कुटुंबांचे पोट चालविणाऱ्या जीवांच्या निवाऱ्यासाठी खर्च होत नाही.

फांद्यांच्या मोळ्या, बांबूचे सांगाडे किंवा दगडांचे ढीग पाण्याखाली सोडून मासे एके ठिकाणी आणण्याची युक्ती जगाला नवी नाही. बांगलादेशातील नद्यांत झाडाच्या फांद्या रोवून केलेले ‘काठा’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत; आणि अमेरिकेत तर गळाने मासे धरण्याच्या छंदाने या युक्तीला घरगुती कारागिरीचे स्वरूप दिले असून, बादलीत सिमेंट कालवून त्यात प्लास्टिकच्या नळ्या फांद्यांप्रमाणे उभ्या करणे, किंवा नाताळ उलटल्यावर रस्त्यावर टाकून दिलेली झाडे सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधून तळ्यात सोडणे, हे तेथील मासेगराच्या सुटीच्या दिवसाचे एक सर्वमान्य काम होऊन बसले आहे. आपल्या भागात कोणी मुद्दाम असे काही केले नसले, तरी उजनीने ते अजाणता केले आहे. बुडालेल्या गावांच्या भिंती, चिरेबंदी विहिरींचे काठ, पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचा जोता आणि ओढ्याकाठची न तोडलेली झाडे यांच्या आडोशाला मासळी थांबते, हे तेथे होडी घालणाऱ्या कोणाही जुन्या माणसाला ठाऊक असते. परंतु त्या झाडांचे बुंधे आता कुजून गेले, भिंतींवर गाळाचे थर चढले, आणि एके काळी घराघरांनी व बांधाबांधांनी खडबडीत असलेला तळ दिवसेंदिवस सपाट होत चालला आहे. तेव्हा त्या तळावर घरच्या साहित्याने निवारे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र ते कोठे घालावेत, कशाचे घालावेत, आणि घातल्यानंतर त्यांच्यापासून कोणी दूर राहावे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरली पाहिजेत, आणि त्यांतील तिसरे उत्तर ठरत नसेल तर पहिल्या दोहोंच्या वाटेलाही जाऊ नये.

निवाऱ्याकडे मासा का येतो, हे प्रथम पाहू. पाण्यात बुडालेल्या फांदीवर थोड्याच दिवसांत शेवाळ, जिवाणू आणि सूक्ष्म जीव यांचा एक बुळबुळीत थर चढतो. रोहूसारखा मासा तो खरवडून खातो, त्या थरातील किडे लहान मासे टिपतात, आणि त्या लहान माशांवर टपलेले मरळ, शिंगाळा, वांब हे शिकारी त्याच फांद्यांच्या अंधारात दबा धरून बसतात. म्हणजे अन्न, सावली आणि लपण अशा तीन सोयी एकाच ठिकाणी उपलब्ध होतात. यांतील पहिली सोय सूर्यप्रकाशावाचून संभवत नाही, हे लक्षात ठेवणे अत्यंत अगत्याचे आहे. कारण पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि तिच्या बहिणींतून भीमेत व भीमेतून उजनीत येत असल्यामुळे तेथील पाणी वर्षाचा बराच काळ दाट हिरवे असते, प्रकाश त्यात फार खोल उतरत नाही, आणि तळाशी कुजणाऱ्या सेंद्रिय गाळामुळे खोल थरातील प्राणवायूही खर्ची पडतो. अशा पाण्यात खोल डोहाच्या तळाशी नेऊन टाकलेला झाडोरा पाण्याबाहेर कधी पडणार नाही हे खरे. परंतु तेथे त्याच्यावर शेवाळही चढणार नाही आणि माशालाही श्वास घेणे कठीण जाईल.

येथेच पातळीच्या चढउताराची खरी अडचण उभी राहते. ज्या सरोवराची पातळी वर्षभर हात-दोन हातांपलीकडे हलत नाही, तेथे योग्य खोली एकदा शोधली की काम संपले. कोलोरॅडो नदीवरील पार्कर धरणाच्या मागे असलेल्या लेक हवासूमध्ये १९९० च्या दशकात सरकारी खात्यांनी व मासेगरांच्या मंडळ्यांनी मिळून झुडपांचे व नळ्यांचे हजारो निवारे घातले आणि ते नावाजले गेले. पण लॉस एंजेलिसकडे आणि फिनिक्सकडे जाणारे पाणी त्याच सरोवरातून पंपांनी उचलावयाचे असल्यामुळे तेथील पातळी जवळजवळ स्थिर राखली जाते, ही गोष्ट त्या यशाच्या वर्णनात सहसा सांगितली जात नाही. त्याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या लेक मीडची पातळी २०२२ साली १९३७ नंतरच्या नीचांकाला पोचली. हवासूचा नमुना तेथे जसाच्या तसा नेणाऱ्याचा बेत उन्हात वाळत पडला असता. उजनी ही हवासूच्या नव्हे, मीडच्या जातीची आहे. तिच्या पातळीतील शंभर ते शून्य टक्के हा प्रवास उभ्या मापाने सहा मीटरांना थोडा कमी भरतो. परंतु सपाट खोऱ्यात तेवढ्या उतारानेच पाणी आडव्या अंगाने इतके दूर सरते, की भाद्रपदात जेथे होडी चालली तेथे वैशाखात नांगर चालतो.

तेव्हा एकच खोली निवडण्याचा हट्ट सोडून, पाणी जसजसे मागे हटेल तसतसा माशांना पुढचा मुक्काम मिळेल अशी ओळ उतारावर घालणे, हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. पहिला ढीग साधारण ४९५ मीटरांच्या रेषेवर, त्याखाली मीटर-दीड मीटरच्या फरकाने पुढचे, आणि शेवटचा शून्याच्या रेषेखाली दोन-तीन मीटर, अशी ही ओळ काठाला समांतर न जाता काठापासून डोहाकडे उतरत गेली पाहिजे. आणि ती शक्य तेथे जुन्या ओढ्यांच्या बुडालेल्या पात्रांच्या कडेने जावी, कारण पाणी उतरू लागले म्हणजे मासेही त्याच वाटांनी खाली येतात. वरचे ढीग पौष-माघापर्यंत उपयोगी पडतील, खालचे उन्हाळ्यात. आणि अतिदुष्काळाच्या वर्षी शेवटचाही उघडा पडेल, तो पडू द्यावा. ढिगाची उंची माणसापेक्षा अधिक नसावी. उंच बांबू भरल्या पाण्यात शोभतात, पण पाणी उतरताना त्यांची टोके पृष्ठभागाच्या लगत येऊन लपतात, आणि इंदापूर व करमाळा या तालुक्यांच्या दरम्यान होडीतून जा-ये करणाऱ्या माणसांच्या जिवाशी असा खेळ करण्याचा अधिकार कोणाही मत्स्यप्रेमीला नाही. होड्यांच्या वाटा, पाणी उपसण्याच्या योजनांची मुखे आणि भिगवण-कुंभारगावकडील रोहित पक्ष्यांच्या चरण्याच्या उथळ दलदली, एवढी क्षेत्रे आरंभीच वगळावीत.

साहित्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. परंतु दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कायम पाण्याखाली राहणारे लाकूड दीर्घकाळ टिकते, मात्र जे आळीपाळीने भिजते आणि वाळते ते फार लवकर कुजते; म्हणून वरच्या ढिगांची दोन-तीन वर्षांनी पुनर्भरणी करावी लागेल, असा हिशेब आरंभीच धरून चालावे. त्यासाठी वेड्या बाभळीसारखे झाड दुसरे नाही, कारण ते काठाकाठाने हवे त्याहून अधिक माजलेले आहे, त्याच्या फांद्यांची गुंतागुंत दाट असते, आणि ते तोडल्याबद्दल कोणी अश्रू ढाळणार नाही. मोळीला काळ्या दगडांचे वजन बांधावे. फुटक्या सिमेंटच्या नळांचे तुकडे वांबेसाठी व शिंगाळ्यासाठी खालच्या ढिगात ठेवावेत. दुसरी गोष्ट अशी, की जे फुकट मिळते ते सगळे पाण्यात टाकण्याजोगे असतेच असे नाही. फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यालगत १९७० च्या दशकात सुमारे २० लाख जुने टायर मत्स्यनिवारा म्हणून समुद्रात सोडण्यात आले. त्यांना बांधणारे पट्टे व तारा तुटल्या, टायर लाटांबरोबर भरकटले, आणि शेजारच्या जिवंत प्रवाळावर जाऊन आदळले. ते वर काढण्यासाठी पुढे लष्कराच्या पाणबुड्यांना पाचारण करावे लागले. आपल्या भागात टायरांची जागा ठिबक सिंचनाच्या टाकाऊ नळ्या घेतील, ही माझी भीती आहे. शेताच्या बांधावर त्यांची वेटोळी पडलेलीच असतात, आणि अमेरिकन मासेगराच्या नळ्यांशी त्यांचे साम्य पाहून कोणालाही मोह व्हावा. परंतु दरवर्षी चार महिने उन्हात भाजणारे प्लास्टिक ठिसूळ होते, त्याचे कण होतात, आणि ते कण त्याच माशांच्या पोटात जातात.

आता या निवाऱ्याचा लाभ कोणत्या माशाला होईल, हा प्रश्न, जो उत्साही मंडळी सहसा विचारीत नाहीत. कटला, रोहू आणि मृगळ हे आपले मानाचे मासे साचलेल्या पाण्यात विणीस येत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते, आणि त्यांची अंडी फांदीला न चिकटता प्रवाहाबरोबर तरंगत जातात. म्हणजे झाडोऱ्यामुळे त्यांची पैदास वाढेल ही आशा व्यर्थ आहे. फार तर पुरातून आलेली किंवा संस्थांनी सोडलेली बोटुकली शिकाऱ्यांच्या तोंडून वाचेल. याच्या उलट, सायप्रिनस या नावाने बाजारात ओळखल्या जाणाऱ्या परदेशी माशाची अंडी पाणवनस्पतींना चिकटणारी असल्यामुळे त्याला फांद्या सोयीच्या पडतील. मरळ झाडोऱ्यात घरटे करून पिलांची राखण करतो, त्यालाही पडतील. आणि उजनीत आज जिचे राज्य आहे ती चिलापी, जिची मोझांबिकी जात १९५२ साली या देशात आणली गेली आणि जिची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, ती तर कोणत्याही उथळ आडोशाचा फायदा सर्वांच्या आधी घेईल. वरच्या रेषेवरील ढीग ही चिलापीची पाळणाघरे ठरण्याचा संभव मोठा आहे. तो टाळण्याचा खात्रीचा उपाय नाही. मरळ व शिंगाळा यांसारख्या शिकाऱ्यांना खालच्या ढिगांत टिकू द्यावे आणि चिलापीच्या पिलांचा बंदोबस्त त्यांच्याकडे सोपवावा, एवढेच करता येण्यासारखे आहे. परंतु शिकारी टिकावयाचे, तर त्यांना प्रथम जाळ्यापासून वाचविले पाहिजे.

जाळ्याचा हा विषय आला म्हणजे या युक्तीचे दुसरे अंग उघडे पडते. निवारा मासे निर्माण करीत नाही, तो ते गोळा करतो. दहा एकरांत विखुरलेली मासळी दहा हातांच्या जागेत आणून ठेवली, आणि त्या जागेची खूण सर्वांना ठाऊक असली, तर मासळी वाढण्याऐवजी संपण्याचा वेग तेवढा वाढतो. गळाने मासा धरून पुन्हा सोडून देणाऱ्या हौशी माणसाच्या सरोवरात ही बाब एक वेळ क्षम्य ठरेल; पण ज्या जलाशयात वडापीसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटांएवढी पिलेही ओढून काढली जातात, अशी तक्रार मच्छीमार स्वतःच वर्षानुवर्षे करीत आहेत, तेथे मासे एकत्र आणणे म्हणजे सावजाला पारध्याच्या दारात बांधणे होय. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यास १८९७ च्या कायद्याने बंदी केली. बारीक आसाला मनाई करणारे हुकूमही आहेत. परंतु हुकूम आणि अंमल यांच्यामधील अंतर उजनीच्या पाण्याइतकेच ऋतुमानाप्रमाणे कमी-अधिक होत असते. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात नोकुए सरोवरात ‘अकाजा’ नावाचे फांद्यांचे मासेबाग पुष्कळ उत्पन्न देत आले. पण त्या उत्पन्नाच्या लोभाने काठची खारफुटी तुटली आणि ज्यांनी फांद्या रोवल्या व ज्यांना रोवता आल्या नाहीत त्यांच्यात तंटे माजले. फांद्या रोवणारा पाण्यावर मालकी सांगू लागतो, हा त्यातील मर्म जाणण्याजोगा भाग आहे.

म्हणून माझे म्हणणे असे, की निवाऱ्याची प्रत्येक ओळ ही जाळेबंद क्षेत्र म्हणून जाहीर झाली पाहिजे, आणि मासेमारी त्या क्षेत्राच्या बाहेर, तेथून निघून पसरणाऱ्या मासळीवर व्हावी. हे क्षेत्र लहान असावे. मोठे क्षेत्र राखता येत नाही आणि राखले जाणार नाही. त्याची राखण सरकारी पहारेकऱ्याकडे न देता ज्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांनी निवारे घातले तिच्याकडे द्यावी, कारण आपल्या हातांनी बाभळीचे काटे सोसून बांधलेल्या मोळीवर रात्री कोण जाळे टाकतो, याची चौकशी सभासद जितक्या तत्परतेने करतील तितकी कोणताही कारकून करणार नाही.

परंतु सहकारी संस्थेला हे करू देण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरविणे सोपे नाही. पाणी जलसंपदा खात्याचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या अखत्यारीतले, आणि पाणी उतरल्यावर जो तळ उघडा पडतो तो गाळपेरीसाठी शेतकऱ्यांच्या हाती जातो, ज्यांच्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांची तीच जमीन धरणात गेलेली आहे. निवारे घालण्याचा उत्तम हंगाम म्हणजे तळ कोरडा असण्याचा, माघापासून ज्येष्ठापर्यंतचा. तेव्हा होडीची, पाणबुड्याची गरज नाही, बैलगाडीतून मोळ्या नेऊन हव्या त्या रेषेवर ठेवता येतात. पण नेमका तोच गाळपेरीचा हंगाम. नांगरणाऱ्याच्या वाटेत काट्यांचा ढीग टाकून मासेमाराने आपले भले साधावे, हे न्यायाचेही नाही आणि व्यवहाराचेही नाही.

येथे मणिपूरचे उदाहरण उपयोगी पडेल. लोकताक सरोवरात तरंगत्या गवताच्या वर्तुळाकार कुंपणांनी, अथाफुम या नावाने, मासे गोळा करण्याची परंपरा होती. १९८३ साली इथाई बंधारा झाला, सरोवराची पातळी बारमाही उंच राखली जाऊ लागली, आणि पूर्वी उन्हाळ्यात तळाला टेकून मातीतून पोषण घेणारी ती तरंगती गवते कायम अधांतरी राहून पातळ होत गेली. पुढे २००६ च्या कायद्याने अथाफुमावरच बंदी आली. पातळी स्थिर झाल्यामुळे तेथे जे बिघडले, ते उजनीत अजून शाबूत आहे. पाणी उतरते, गाळ उन्हात तापतो, त्यावर पीक व गवत उगवते, आणि श्रावणात पाणी परत चढते तेव्हा त्या बुडालेल्या काडीकचऱ्यावर किड्यांची व सूक्ष्म जीवांची जी भरभराट होते तिच्यावर नुकतीच आलेली बोटुकली पोसली जाते. म्हणूनच वरच्या रेषेवर बाभळीचा ढीग घालण्याहून स्वस्त युक्ती अशी, की गाळपेरीचा पट्टा देतानाच त्यात एक अट घालावी: पाण्याकडील शेवटच्या काही काकऱ्यांतील ज्वारीची वा मक्याची धसकटे उपटू नयेत, आणि बांधावरची झुडपे जाळू नयेत. शेतकऱ्याचे त्यात नुकसान यत्किंचित आहे, आणि ते भरून देण्यासाठी गाळपेरीच्या पट्ट्याची रक्कम कमी करावी. तेवढी सूट देण्याने कोणत्याही खात्याची तिजोरी रिती होणार नाही. बाभळीचे ढीग मग केवळ शून्याच्या रेषेच्या आसपास, जेथे नांगर क्वचित पोचतो तेथे घालावेत, आणि त्यांचा क्रमांक, पातळी व जागा गाळपेरीच्या नकाशावरच नोंदवावी, म्हणजे दोन खात्यांनी दोन नकाशे काढून तिसऱ्याने तिसरा मागण्याचा प्रसंग येणार नाही.

या सूचनेवर हमखास घेतला जाणारा आक्षेप मला दिसतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बाभळीच्या मोळ्या सरपणाला जातील, असे म्हटले जाईल. आणि ते खरेच आहे, शून्याच्या रेषेच्या वरच्या अंगाच्या काही जातील. चुलीसाठी काटक्या वेचणाऱ्या बाईला मत्स्यसंवर्धनाचे व्याख्यान देण्याचे धैर्य माझ्यात नाही. पण शून्याच्या रेषेखालचा ढीग उघडा पडतो तो दुष्काळाच्या वर्षीच, आणि चिखलात रुतलेली, काळी पडलेली ओली बाभूळ चुलीत घालण्याइतकी निकड त्या वर्षी कोणाला असेल, तर तिने ती न्यावी. संस्थेने नवी बांधावी. खर्च फांद्यांचा नाही, श्रमांचा आहे, आणि आज मत्स्यबीज सोडण्यावर जो पैसा जातो त्याच्या शेजारी हा खर्च नगण्य ठरेल.

प्रारंभ एकाच संस्थेच्या हद्दीत, एकाच ओढ्याच्या कडेने, तीन वर्षांच्या मुदतीने व्हावा. त्या ओळीजवळ आणि तेवढ्याच लांबीच्या मोकळ्या तळावर दर महिन्याला एकाच आसाचे जाळे एकेकदा टाकावे, मिळालेली मासळी जातवार मोजावी, आणि मोजून पाण्यात सोडावी. नोंदवही संस्थेच्या कचेरीत, कोणाही सभासदाला पाहता येईल अशी, उघडी असावी. पहिल्या वर्षी चिलापीच अधिक दिसेल, आणि ते पाहून घाई करू नये. परंतु तिसऱ्या वर्षअखेरही त्या वहीत चिलापीखेरीज काही आढळले नाही, तर पुढील उन्हाळ्यात पाणी उतरताच त्या मोळ्या ओढून काढाव्यात, काठावर वाळवाव्यात, आणि ज्यांना सरपण हवे असेल त्यांना वाटून टाकाव्यात.